आखूड दार

"मग दारं गेली कुठं, बाबा? तुम्हीच सांगा!"

स्तामातिस उभ्याउभ्याच विचारत होता. बस म्हटलं तरी बसायला तयार नव्हता.

पाखोमी बाबा मठातल्या आपल्या खोलीत पावट्याच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

ग्रीक समुद्रातल्या त्या बेटावर लाकडाला सोन्याचा भाव. वारा झाडाला सरळ वाढूच देत नाही. ऑलिव्हची वाकडीतिकडी खोडं तेवढी उगवतात, त्यांची ना तुळई होते ना कवाड. चांगलं लाकूड गलबतानं बाहेरून आणावं लागायचं. अशा त्या बेटावर, डोंगराच्या माथ्यावर, एक ओस गाव आहे. भिंती जागच्या जागी, उंबरे जागच्या जागी. पण एकाही घराला दार नाही, की छपराला तुळई नाही. तिथली माणसं आजोबा-पणजोबांच्या काळात खाली उतरली आणि मठाच्या पायथ्याशी नवी वाडी करून राहिली. स्तामातिस त्या वाडीतला.

बाबा मठात येण्याआधी जुन्या वस्त्या खणून काढायचे. दगडावरची खूण कशी वाचायची, ते स्तामातिसला त्यांनीच शिकवलं. शिष्यही असा, की सबंध उन्हाळा डोंगरावर काढून त्यानं उंबरा न् उंबरा मापला. पोरगा हुशार, त्यात वादच नाही. पण हुशारी डोक्यात गेली की माणूस दुसऱ्याचं ऐकायचा थांबतो, आणि हा कधीचाच थांबला होता.

"गाव लुटलं," तो म्हणाला. "खालच्या बंदरावरच्या कोळ्यांनी लुटलं. माझे आजोबा मरेपर्यंत हेच सांगत होते. आता माझ्याकडे पुरावा आहे."

"कसला?"

"तुळई! बंदरावर नीकिफोरोसच्या घरी आमची तुळई आहे. मी मापली. डोंगरावरच्या आमच्या घराच्या भिंतीत तुळईची जी भोकं आहेत ना, त्यांत ती बरोब्बर बसते."

"नीकिफोरोस म्हणजे... आपल्या फोतिनीचं ज्याच्याशी जमलंय तो?"

"तोच. साखरपुड्याला गेलो होतो, तेव्हाच मापली."

बाबांना हसू आवरेना. "धन्य आहे रे तुझी! लोक गोडधोड खायला जातात, आणि तू आढ्याला माप लावून आलास?"

"हसू नका. उद्या देवळाच्या अंगणात सगळ्यांसमोर सांगणार आहे मी. चोरांच्या घरात माझी बहीण जाणार नाही. लग्न मोडलं!"

"ती काय म्हणते?"

"रडते."

एवढं म्हणताना त्याचाच आवाज खाली आला. बहिणीवर त्याचा फार जीव होता, आणि म्हणूनच हा सगळा आटापिटा चालला होता.

बाबांनी दाराकडे बोट केलं.

"ते दार लोटून घे बरं. वारा फार आहे."

स्तामातिसनं दार लोटलं. तरी खालून वारा आत यायचाच. दार चौकटीला आखूड होतं. खाली वेगळ्याच लाकडाची पट्टी ठोकलेली, तीही पुरी पडत नव्हती.

"असलं कसलं दार ठेवलंय तुम्ही?"

"वाडीतून आलंय. तुमच्या घरचं चांगलं आहे का?"

"कुठलं! आई थंडीत खाली गोणपाट कोंबते."

"का?"

"फट आहे मोठी. दार आखूड..."

तो थांबला.

वाडीतली सगळीच दारं तशी, पट्ट्या ठोकलेली. वाडीच्या सुताराला माप कळत नव्हतं, अशी बंदरावर थट्टा चालायची, आणि स्तामातिसला त्या थट्टेचाही राग यायचा. डोंगरावरचा एकेक उंबरा त्यानं मापला; आपल्या घराचं दार मापायचं काही त्याला सुचलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

"म्हणजे... ही डोंगरावरच्या चौकटींची दारं? आमच्याच माणसांनी काढून आणली?"

"जीव घेऊन पळणारा माणूस कडी-कोयंडा काढत बसतो का रे?"

स्तामातिसचा चेहरा उतरला. पण इतक्यात हार मानेल तो स्तामातिस कसला!

"दारांचं मान्य. पण तुळई? ती कोळ्यांच्या घरी कशी गेली?"

बाबांनी हात झटकले. उठले. दार खोबणीतून वर उचललं, बाहेर काढलं आणि स्तामातिसच्या पाठीला लावलं.

"हे डोंगरावर घेऊन जा. कुठल्या चौकटीत बसतं ते बघून ये."

"आत्ता?"

"ऊन उतरलंय. जा."

दार जुन्या सायप्रस लाकडाचं, चांगलं जाडजूड. वाट अरुंद, एका अंगाला कडा. पहिल्या वळणावर वारा दारात भरला आणि ते स्तामातिसला घेऊनच आडवं झालं. तो उठला, पुन्हा उचललं, पुन्हा पडला. गुडघे फुटले. शेवटी दार तिथंच वाटेत टाकून तो लंगडत खाली आला.

बाबा उंबऱ्यावर बसले होते.

"हे एकट्याचं काम नाही," स्तामातिस धापा टाकत म्हणाला. "पुढं एक आणि मागं एक, असे दोघं पाहिजेत."

"हं... तुझ्या आजोबांना भाऊ किती होते?"

"एकही नाही."

"मग वाडीतलं कुणी आलं असेल मदतीला."

"छे! आजोबांचं कुणाशी पटत होतं? सगळं गाव उतरलं तरी हे हट्टानं वरच राहिले. सगळ्यात शेवटी उतरले. वाडीतलं कुणी बोलतसुद्धा नव्हतं त्यांच्याशी."

"मग मागं कोण होतं?"

स्तामातिसनं खाली बंदराकडे पाहिलं. नीकिफोरोसच्या घराच्या धुराड्यातून धूर निघत होता.

"बाबा... ती तुळई..."

बाबांनी सरकून उंबऱ्यावर त्याला जागा करून दिली.

"आजोबांनीच दिली? त्या लोकांनी ओझं वाहिलं म्हणून? मग जन्मभर त्यांना चोर का म्हणत राहिले?"

"मघाशी वळणावर तू पडलास. मी इथून पाहत होतो."

स्तामातिसचे कान लाल झाले.

"मी पाहिलं, ते आवडलं का तुला?"

"...नाही. आजोबांनाही आवडलं नसेल, कोळ्यांनी त्यांना असं पडताना पाहिलेलं."

दार नसलेल्या खोलीत वारा शेंगांची सालं इकडून तिकडे लोटत होता. स्तामातिसला फोतिनीचे रडून सुजलेले डोळे आठवले, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"बाबा," तो अगदी हळू म्हणाला, "मग उद्या अंगणात मी काय सांगू?"

"उद्याचं उद्या. आधी बंदरावर जा आणि नीकिफोरोसला हाक मार. माझं दार वाटेत पडलंय."