दोन वेशींमधला केरोबा

एका राज्यात पाहुण्याची सावली वेशीवर ठेवून घेत आणि परतताना त्याच वेशीवर देत. शेजारच्या राज्यात मात्र सावली दाखवल्यावाचून कुणाला पाऊल टाकता येत नसे. एकाच राज्याला जाऊन येणाऱ्याचं काही अडत नव्हतं. अडला तो केरोबा घोंगडीवाला. त्याची एकुलती बहीण तानू दुसऱ्या राज्यात अंथरुणाला खिळली होती, आणि तिकडची वाट पहिल्या राज्यातूनच जात होती.

सावली ठेवून त्यानं पहिलं राज्य ओलांडलं. दुसऱ्याच्या वेशीवर दगडी सिंह होता. त्यानं जमीन हुंगली.

"सावली?"

"मागं ठेवलीय, महाराज."

"मग आत येणं नाही."

केरोबा माघारी वळला, तर पहिल्या राज्याचा दगडी हत्ती म्हणाला, "बाहेर पडलास. आता पुन्हा यायचं तर पुन्हा सावली ठेव."

मधल्या माळावर एक चिंच होती आणि चिंचेवर साळुंकी. केरोबा तिथंच राहिला. दिवस कलला की चिंचेची सावली लांब होई. त्याच्या पायाशी काहीच नसे. पलीकडे तानूच्या गावचा धूर दिसे. तो धुराशी बोले.

त्यानं चिंचेची सावली मागून नेली. सिंह म्हणाला, "ही आंबट लागते."

साळुंकीनं आपली दिली. "सांभाळ हो, तिला एका जागी बसायची सवय नाही." सिंहापुढं ती भुर्रकन उडाली.

तिसरा उपाय साळुंकीलाही ठाऊक नव्हता.

एका दुपारी माळावरून एक म्हातारी आली. साळुंकी कुजबुजली, "हिला सावली आहे. नाव विचार, गाव विचार, सावली माग!"

"थांब गं. माय, आधी बसा." केरोबानं गुळाचा खडा पुढं केला आणि भोपळ्याच्या तुंब्यातलं उरलंसुरलं पाणी तिला दिलं.

म्हातारी प्याली आणि रडली. "माझा लेक इथंच उन्हातान्हात तहानेनं गेला. दोन्ही वेशींनी त्याला नावगाव विचारलं, पाणी कुणी दिलं नाही. तेव्हा मीच मंत्र घातला, की विचारण्याआधी कुणी पाणी देईल, तोवर या वेशींचं एकमेकींशी जुळायचं नाही. आज सुटला."

हत्तीनं वाट दिली, सिंहानं मान खाली घातली. अडकलेल्या साऱ्या सावल्या आपापल्या धन्याकडे धावल्या. केरोबाची येऊन मुकाट पायाशी बसली. त्या दिवसापासून लोक एका वाटेनं दोन्ही राज्यं हिंडू लागले.

केरोबा पोचला तेव्हा तानूनं डोळे उघडले.

"दादा, एकटाच आलास?"

"एकटाच गं. सरक जरा, बसू दे."