भाऊसाहेबांचा लोखंडी पिंजरा

भाऊसाहेब ऐनापुऱ्यांनी विकलेली रॅलीची जुनी गाडी तपासणीत सपशेल नापास झाली. रॅली आठवड्यावर आली होती. आपण गाडी नव्हे, भाऊसाहेबांच्या बढाया विकत घेतल्या, हे तेव्हा गाडीची नवी मालकीण वैजयंता खोराटे हिच्या लक्षात आलं.

वैजयंता आजरा-आंबोली रस्त्यावर दुधाचा टेम्पो चालवायची. घाटातलं वळण न् वळण तिच्या हाताला पाठ होतं. स्वतःच्या गाडीने रॅलीत उतरायचं म्हणून तिने अंगावरचं सोनं मोडलं होतं. भाऊसाहेब हे गावच्या मोटार क्लबचे अध्यक्ष. तरुणपणी त्यांनी एक रॅली जिंकली होती. बाकीच्या सगळ्या, त्यांच्या सांगण्यानुसार, दुसऱ्यांच्या लबाडीमुळे हुकल्या होत्या. गाडी विकताना ते म्हणाले होते, "उचल आणि पळव. यातला खिळासुद्धा बदलावा लागणार नाही."

बदलावं लागणार होतं ते नेमकं जीव वाचवणारं. रॅलीच्या गाडीत आतून लोखंडी नळ्यांचा पिंजरा असतो. गाडी उलटली तर टप डोक्यावर बसू नये, एवढ्यासाठी. पुण्याहून आलेल्या तपासनिसाने भाऊसाहेबांचा पिंजरा पाहिला आणि मान हलवली. आजच्या नियमांप्रमाणे नळ्या बिनसांध्याच्या हव्यात, दारांना आडवे दांडे हवेत, पिंजऱ्याच्या पायांखाली जाड पट्ट्या हव्यात. इथे नळ्यांना सांधे होते, दारं मोकळी होती आणि पाय पातळ पत्र्यावर टेकले होते. नवा पिंजरा बसवा, नाहीतर रॅली विसरा, असं सांगून तो पुढच्या गाडीकडे वळला.

वैजयंता थेट क्लबवर गेली. भाऊसाहेब व्हरांड्यात खुशमस्कऱ्यांच्या घोळक्यात बसले होते. ते काय म्हणतात त्यावर माना डोलावणं, हाच त्या मंडळींचा व्यवसाय. तिने शांतपणे सांगितलं की गाडी जशीच्या तशी धावेल असा शब्द तुम्ही दिला होता, तेव्हा नवा पिंजरा तुम्हीच बसवून द्यायला हवा.

"नियम भित्र्यांसाठी असतात," भाऊसाहेब म्हणाले. "त्या पिंजऱ्यात बसून डोंगरावरून गडगडत खाली आलं तरी माणसाला खरचटणार नाही." माना डोलल्या. भाऊसाहेबांना चेव आला. "बरं, एक संधी देतो. पिंजरा कच्चा आहे हे सिद्ध कर. पण कापायचं नाही, ठोकायचं नाही, वाकवायचं नाही. तपासनीस मध्ये आणायचा नाही, नियमांचं पुस्तक दाखवायचं नाही. पिंजरा कच्चा आहे हे चार लोकांत मी माझ्या तोंडाने कबूल केलं पाहिजे. केलं, तर नवा पिंजरा माझ्याकडून."

घोळका खो खो हसला. भाऊसाहेब स्वतःची चूक कबूल करतील, ही आशा त्यांच्या बायकोनेसुद्धा लग्नाच्या वर्षीच सोडून दिली होती.

वैजयंताने अट मान्य केली. उद्या सकाळी माळावर या, एवढंच ती म्हणाली. लोकांना रॅलीचे जुने विजेते पाहायचे आहेत, अशी पुस्तीही जोडली. भाऊसाहेब आनंदाने गेले. पोटावर बटण न लागणारं जुनं जाकीट घालून, डोक्यावर हेल्मेट चढवून ते गाडीत शेजारच्या सीटवर बसले आणि जमलेल्या लोकांना हात करू लागले. वैजयंताने त्यांचे पट्टे आवळून बांधले, स्वतः स्टिअरिंगवर बसली आणि इंजिन सुरू केलं.

"कुठवर न्यायचीय?" भाऊसाहेबांनी विचारलं.

तिने समोर बोट दाखवलं. माळाच्या कडेला, उताराच्या तोंडाशी, तिने आदल्या संध्याकाळी मातीचा उंचवटा करून घेतला होता. डावी चाकं त्यावर चढवायची, गाडी कलंडली की उतारावरून एकच कोलांटी घ्यायची आणि खालच्या पडीक वावरात थांबायचं, असं तिने रस्ता सांगावा तसं सांगितलं. भाऊसाहेब हसले. ती हसली नाही. तिने गिअर टाकला.

भाऊसाहेबांनी पाठदुखीची आठवण काढली. मग सकाळची गोळी राहिल्याची. वैजयंता म्हणाली की खरचटणारसुद्धा नाही, तेव्हा गोळी काय, नंतर घेता येईल. गाडी हळूहळू पुढे सरकू लागली. भाऊसाहेबांनी आधारासाठी डोक्यावरची नळी धरली. त्यांनीच विकण्याआधी मारलेल्या लाल रंगाचा पोपडा हातात आला आणि खालचा गंज भुरभुर जाकिटावर सांडला. त्यांनी वर पाहिलं. मग उंचवट्याकडे पाहिलं.

"थांबव! गाडी थांबव," ते सगळ्या माळाला ऐकू जाईल असे ओरडले. "या सडक्या नळ्यांच्या भरवशावर उलटायचं? जीव घेतेस का माझा?"

तिने ब्रेक दाबला, इंजिन बंद केलं आणि त्यांच्याकडे वळली.

"भाऊसाहेब, मी काही कापलं नाही, ठोकलं नाही. तुमचे नियम मी पाळले. आता एवढंच सांगा, ज्या पिंजऱ्यात तुम्ही गोगलगायीच्या गतीने एकदा उलटायला तयार नाही, त्यात मी घाटात भरधाव का उलटावं?"

भाऊसाहेबांनी तोंड उघडलं, पण तोंडाला जे सांगायचं होतं ते आधीच सांगून झालं होतं. लोक हसायला लागले. पट्टे सुटेनात, म्हणून त्यांना उतरताही येईना. तसेच जखडलेले ते क्षणभर धुमसले आणि मग हेल्मेट गदागदा हलेपर्यंत हसले. "पोरी," ते म्हणाले, "माझ्याकडून कबुली घेणारी तू पहिलीच."

नवा पिंजरा कोल्हापुरात तयार झाला, तपासनिसाने तो वरून-खालून पाहून पास केला आणि भाऊसाहेबांनी रॅलीत पहिलं निघण्याचा मान वैजयंताला दिला. घोळक्यातली मंडळी आता सांगत होती की गंज आम्हाला केव्हाच दिसला होता. भाऊसाहेबांनी त्यांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि जुना पिंजरा त्यांच्याच खांद्यांवर देऊन भर बाजारातून भंगारवाल्याकडे पाठवला.