राउंड संपल्यावर

डॉ. खासनीस मोठे सर्जन होते आणि हे ते कुणाला विसरू देत नसत. कॉलेजात डॉक्टरकीच्या आणि नर्सिंगच्या मुलांना एकत्र शिकवायचं ठरलं, तसे पहिल्याच तासाला ते कडाडले, "माझ्या मुलांनी नर्सकडून काय शिकायचं? एक गोष्ट दाखवा, उद्यापासून मी मागच्या बाकावर बसतो!"

नर्सिंगची प्रणिता गावित उठली. सरांनी तासाआधी तीन कप चहा रिचवलेला तिनं पाहिला होता.

"दाखवते, सर. तुम्ही पेशंट व्हा. उपचार फक्त तुमच्याच मुलांनी करायचे."

सर ऐटीत वर्गातल्या सरावाच्या खाटेवर आडवे झाले. मुलांनी त्यांचा पाय प्लास्टरमध्ये घालून वर टांगला, झकास निदान केलं, औषधं लिहिली आणि राउंड आटोपून मुलं कँटीनला पळाली.

अर्ध्या तासात सरांच्या कपाळावर घाम फुटला. कोपऱ्यात प्रणिता निवांत बसली होती.

"सिस्टर!" सर कळवळले. "भांडं!"

प्रणिता अदबीनं जवळ आली. "कुठल्या डॉक्टरांना बोलावू, सर?"

"बसतो गं बाई मागच्या बाकावर! पण आधी भांडं आण!"