रांजणावरची सुपली

पूर्वी गोदेच्या काठी पोतन नगरात अस्सक देशाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका व्यापारी कुळात जन्मला. चांगली चाललेली पेढी त्याने धाकट्या भावाला देऊन टाकली आणि नगराबाहेरच्या आमराईत एक साधे सभागृह बांधले. लोक तिथे दहा दिवसांसाठी येत, मौन धरून बसत आणि आपला श्वास पाहायला शिकत. शिकवण्याचे मोल बोधिसत्त्व घेत नसे. मागच्या दाराशी एका खोलीत तांदळाचा रांजण होता. निघताना प्रत्येकाने त्या खोलीत एकट्याने जायचे. वाटले तर काही ठेवायचे, नाही तर तसेच बाहेर यायचे. आज बसणारे आधीच्यांनी ठेवलेले खात, आणि कधी न भेटणाऱ्या पुढच्यांसाठी ठेवून जात. अशी वीस वर्षे गेली आणि कोणी उपाशी राहिले नाही.

मग एका साली पाऊस पडला नाही. कोठी सांभाळणारा शिष्य नंदिय सरळ मनाचा, पण भारी काळजीखोर. तांदूळ काढताना वाटी रांजणाच्या तळाला खरडली की तो आत डोकावून उरलेले तांदूळ मापू लागे.

त्याच सुमारास सोमदत्त नावाचा श्रेष्ठी दहा दिवस बसला. जन्माची चिडचिड निवळली म्हणून तो मनापासून खूश होता. निघताना तो म्हणाला, "आचार्य, फुकट मिळालेल्याची लोकांना किंमत नसते. पायलीभर तांदूळ आणील त्यालाच आत घ्यायचं, असा नियम करा. मी स्वतः दहा पोती पाठवतो."

"पोती पाठवायची तर पाठवा," बोधिसत्त्व म्हणाला. "नियम नको."

श्रेष्ठी नमस्कार करून निघाला, पण जवळच उभ्या असलेल्या नंदियच्या डोक्यातून ते काही जाईना. आठवड्याने बोधिसत्त्व आजारी भावाकडे गेला, तेव्हा नंदियने दारात पायलीचे माप मांडले. लोक आलेही. दुष्काळातसुद्धा पायली आणू शकणारे असतातच.

टोपल्या विणणारी चापा आली ती रिकाम्या हाताने. आदल्या वर्षीच्या पुरात तिची चार वर्षांची मुलगी वाहून गेली होती. तेव्हापासून तिला झोप नव्हती. रोज ती नदीच्या पात्रात मुलीला शोधत फिरे. आमराईत जा, तिथे कोणी काही मागत नाही, असे शेजारणीने तिला सांगितले होते.

"पायलीभर तांदूळ, बाई," नंदिय म्हणाला.

"कुठून आणू, दादा?"

तिच्या कमरेला तळहाताएवढी सुपली खोचलेली होती, मुलीच्या भातुकलीसाठी विणलेली. नंदियला दया आली. आपण केवढे उदार, असे वाटून तो म्हणाला, "बरं, तांदूळ राहू दे. ती सुपली ठेव आणि जा आत."

चापाने सुपली काढून छातीशी धरली. "ही नाही देणार," ती म्हणाली आणि माघारी फिरली.

तिसऱ्या दिवशी परतताना बोधिसत्त्वाला ती कोरड्या पात्रात वाळू उकरताना दिसली. तिची नखे रक्ताळली होती. त्याने विचारले, तिने सगळे सांगितले. त्याला फार वाईट वाटले.

"चल, माय," तो म्हणाला. "ते दार तुझ्यासाठीच आहे."

सभागृहात कलकलाट चालला होता. "पायली दिली ना मी? मग मला दाराशी का बसवलं?" "ही पेज आहे की नुसतं पाणी?" "तीन दिवस झाले, मन कुठं शांत होतंय?" नंदिय बिचारा एकेकाची समजूत घालत होता. विकत घेतले की माणूस माल पारखणारच, त्यात त्या लोकांचे तरी काय चुकले?

बोधिसत्त्व म्हणाला, "आपापले तांदूळ परत घ्या. जायचं त्यानं जावं. राहील त्याला रांजणात आहे तोवर पेज मिळेल."

निम्मे गेले, निम्मे ओशाळून खाली बसले.

"आचार्य, रांजणात चार दिवसांचंच आहे हो!" नंदिय कळवळला.

"मग आज तर बसता येईल," बोधिसत्त्व म्हणाला आणि चापाला त्याने आपले आसन दिले.

पाचव्या दिवसापासून तो रोज सकाळी भिक्षापात्र घेऊन नगरात जाऊ लागला आणि लोकांच्या दारात मुकाट उभा राहू लागला. एके काळी त्याची पेढी होती त्या गल्लीतही तो उभा राहिला. पेज आणखी पातळ झाली. तक्रार कोणी केली नाही. सहाव्या दिवशी चापा मोठ्याने रडली, तिला कोणी गप्प केले नाही. आठव्या दिवशी तिला बसल्या बसल्या झोप लागली.

शेवटच्या दिवशी ती रांजणाच्या खोलीत गेली आणि बराच वेळ आत राहिली. ती गेल्यावर नंदियने आत पाहिले. रांजणाच्या झाकणावर ती सुपली होती.

नंदियचे डोळे भरून आले. "आचार्य, मी मागितली तेव्हा तिनं दिली नाही."

"तू मागितलीस म्हणून," बोधिसत्त्व म्हणाला.

पुढे सोमदत्ताची पोती आली. नियमाचा विषय त्याने काढला नाही. तांदूळ मात्र त्या सुपलीनेच काढले जाऊ लागले.

बोधिसत्त्वच पुढे एका जन्मी बुद्ध झाला; त्या शास्त्यांनी, भिक्षूंच्या गुरूंनी, ही कथा सांगितली, तेव्हा भिक्षू उत्तिय खाली मान घालून ऐकत होता. ध्यान शिकायला येणाऱ्यांकडून थोडे धान्य घ्यायला काय हरकत आहे, असे त्यानेच सकाळी विचारले होते. शास्ते म्हणाले, "उत्तिय, तेव्हाचा नंदिय तू होतास. श्रेष्ठी सोमदत्त म्हणजे आज विहाराला दूध पाठवणारा गृहपती पुण्णक. चापा म्हणजे भिक्षुणी खेमिका. आणि तो आचार्य मीच होतो."

बोधिसत्त्वाने त्या जन्मी जिचे आचरण केले, ती दानपारमिता, म्हणजे दानाची परिपूर्णता.