पालथ्या घागरी

फार फार वर्षांपूर्वी पळसखोऱ्यात धुरपा नावाची सुईण होती. गावातला प्रत्येक जीव पहिल्यांदा तिच्याच हातांत रडला, असं म्हणतात. पाटीलसुद्धा! पण गावाची रीत मोठी सोयीची. पाचवीपर्यंत धुरपाचा हात चालायचा, बारशाला तीच धुरपा उंबऱ्याबाहेर. ती खालच्या आळीची, आणि खालच्या आळीनं विहिरीला हात लावायचा नाही. घागर मांडून उभं राहायचं, वरच्या आळीतलं कुणी ओतेल तेव्हा पाणी.

एका वैशाखात खालच्या आळीतली बायजा, आठ दिवसांची ओली बाळंतीण, दुपारभर अशीच उन्हात उभी राहिली. पाणी ओतायला कुणी आलं नाही. ती पडली ती उठलीच नाही. धुरपाला इतका संताप आला, की रडूच फुटेना. तिनं बायजाची घागर विहिरीच्या काठावर पालथी घातली आणि शेजारी बसली.

"पाटील रागावत्याल, ऊठ गं," पाणी भरायला आलेली वरच्या आळीतली सुतारांची गोजरा म्हणाली.

"तुझी तिन्ही पोरं कुणाच्या हातावर झाली?" धुरपानं एवढंच विचारलं.

गोजराचं तोंड उतरलं. मग तिनंही घागर पालथी घातली. दिवस कलेपर्यंत दोन्ही आळींतल्या बाया विहिरीला वेढा घालून बसल्या. पाटलांनी काठ्या देऊन गडी धाडले. पण समोर कुणाची आई, कुणाची बायको. काठी उगारायची कुणावर? नदीतल्या झिऱ्याचं गढूळ पाणी पिऊन गाव दोन दिवस कसंबसं तगलं, मग झिराही आटला.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाटलांच्या सुनेला कळा सुरू झाल्या. मूल आडवं होतं. पाटलीणबाई रडतच धुरपाकडे आल्या.

"जाऊ नगंस," खालच्या आळीतल्या बाया म्हणाल्या. "आता त्यांचं अडलंय, अडू दे."

धुरपाचा जीव कात्रीत सापडला. समोर बायजाची घागर होती.

"पोटातल्या जिवानं कुणाचं काय घोडं मारलंय?" असं म्हणून ती उठली. घागरी मात्र पालथ्याच राहिल्या.

तिनं हलक्या हातानं मूल फिरवलं. पण पाणी मागितलं, तर रांजण कोरडा ठणठणीत! सून निपचित पडत चालली. पाटील स्वतः विहिरीकडे धावले. बाया हलल्या नाहीत.

"खालच्या आळीचा हात लागंल, तवाच पाणी निघंल," गोजरा म्हणाली. "आज, आन् उद्यापास्नं रोज."

पाटलांनी दोर उचलला आणि बायजाच्या आईपुढे धरला. त्या माउलीनं एकदा लेकीच्या पालथ्या घागरीकडे बघितलं.

"माझी गेली," ती म्हणाली. "तुमची जगू दे."

तिनं पोहरा सोडला, तोच विहिरीचं पाणी आपणहून काठापर्यंत चढून तिच्या हाताला लागलं, असं म्हणतात. आणि पाटलांच्या घरातून बाळाचा टाहो ऐकू आला. पाणी पोटात गेलं, तशी सूनही सावरली.

आजही पळसखोऱ्यात वैशाखात एक दिवस धुरपाचा असतो. त्या दिवशी बाया घागरी पालथ्या घालून बसतात आणि पुरुष पाणी शेंदतात. पहिली घागर मात्र कुणाच्याच घरी जात नाही. बायजा जिथं पडली, तिथं ती ओततात.