काडतुसांचं यंत्र आणि आईचा गुडघा

एकदा एका नेमबाज शिष्येला घाई झाली. कारणही तसंच होतं. राज्याच्या संघाची निवड चाचणी दोन महिन्यांवर आली होती, आणि गेल्या वर्षी ती एका गुणाने मागे राहिली होती. बाजारातली तयार काडतुसं तिच्या रायफलला मानवत नव्हती. एक गोळी मध्यावर, तर दुसरी भलतीकडेच. म्हणून रीतसर परवाना काढून आपली काडतुसं आपणच भरायची, असं तिने ठरवलं. रिकाम्या पुंगळीला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, बंदुकीची दारू मोजून ओतायची आणि वर गोळी दाबून बसवायची, एवढंच ते काम. पण त्याला यंत्र लागतं, आणि यंत्रं दोन तऱ्हेची असतात.

तिच्या गुरूंना सगळे अण्णा म्हणत. वय पंच्याहत्तर, बोलणं मोजकं. त्यांच्याकडे पहिल्या तऱ्हेचं यंत्र होतं, रंग उडालेलं, दांडा हाताने घासून गुळगुळीत झालेला. ते एका वेळी एकच काम करी. आधी पन्नास पुंगळ्यांना टोप्या. मग त्या लाकडी फळीच्या पन्नास भोकांत उभ्या करून सगळ्यांत दारू. मग बॅटरीच्या उजेडात प्रत्येकीत डोकावून दारू सारखीच आहे ना ते पाहायचं, आणि त्यानंतर गोळ्या. तासाभरात पन्नास झाली तर देव पावला म्हणायचं. शिवाय अण्णांचा एक कडक नियम होता: काडतुसं भरणाऱ्याशी कुणी चकार शब्द बोलायचा नाही. घराला आग लागली तरी आधी त्याला हातातलं काम खाली ठेवू द्यायचं, असं ते सांगत.

शेठजींच्या बंदुकांच्या दुकानात दुसऱ्या तऱ्हेचं यंत्र होतं. त्याला फिरती थाळी होती. दांडा ओढायचा, थाळी हाताने एक घर पुढे सरकवायची, की प्रत्येक खेपेला एक काडतूस तयार.

"ताई, तासाला तीनशे," शेठजी म्हणाले. "अण्णांचं यंत्र म्हणजे जातं, ही गिरणी आहे. आठ दिवस वापरून बघा. नाही पटलं तर खुशाल परत आणा." शेठजी सज्जन होते, आणि त्यांच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं.

शिष्येने भीत भीत अण्णांना विचारलं. अण्णा म्हणाले, "आण की. माझ्यासमोर शंभर भर."

ती भरायला बसली. हात बसायला वेळ लागला नाही. दांडा, थाळी, दांडा, थाळी, अशी छान लय लागली. अण्णा शेजारी खुर्चीत डोळे मिटून होते. आणि मध्येच ते म्हणाले, "काय गं पोरी, तुझ्या आईचा गुडघा कसा आहे?"

तिला नवल वाटलं. आठ वर्षं ती अण्णांना काडतुसं भरताना पाहत आली होती, पण या टेबलाशी त्यांच्या तोंडून कधी शब्द फुटला नव्हता. "बरा आहे," ती म्हणाली आणि पुढे भरत राहिली. अर्ध्या तासाच्या आत शंभर काडतुसं डब्यात उभी राहिली. अण्णांनी डबा जवळ ओढला, एकवार पाहिलं आणि म्हणाले, "आता सगळी उपस."

"सगळी?"

"सगळी. प्रत्येकातली दारू तराजूत घाल."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "उद्या सरावाचा सामना आहे, अण्णा. नियम तुम्हीच मोडलात, आणि शिक्षा मला?"

अण्णांनी तराजू तिच्यापुढे सरकवला. ती मुकाट्याने एकेक गोळी उपसून दारू तोलू लागली. चाळीस झाली, सगळी बिनचूक. तिचा राग वाढतच होता. एक्केचाळिसाव्याला तराजूचं पारडं धाडकन खाली गेलं. त्यात दारू दुप्पट होती. थाळी पुढे सरकवायची राहिली होती आणि एकाच पुंगळीत दोनदा दारू पडली होती.

रायफलला गाल लावून ती हेच काडतूस उद्या उडवणार होती. नळी फुटली असती, डोळा गेला असता. कदाचित तेवढ्यावरही भागलं नसतं. तिने ती पुंगळी जपून बाजूला ठेवली.

"तुम्हाला दिसलं होतं?" तिने हळूच विचारलं.

"नाही गं. दिसलं असतं तर तिथेच हात धरला असता," अण्णा म्हणाले. "मला एवढंच ठाऊक होतं, की गप्प राहण्याचा नियम या घरात चालतो. तुझ्या घरी फोन वाजणार, कुकरची शिट्टी होणार, कुणीतरी हाक मारणार. ते यंत्र वाईट नाही. ज्याचं लक्ष कधी हलत नाही, त्याने ते जरूर घ्यावं. माझं हलतं, म्हणून मी हे जुनं धरून आहे. फळीवर पन्नास पुंगळ्या उघड्या उभ्या असतात आणि माझी चूक मला दिसायला अवधी मिळतो. यंत्र किती वेगाने चालतं ते शेठजी सांगतील. आपण चुकल्यावर ते किती वेळ थांबतं, ते आपण विचारावं."

तिने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. "अण्णा, तुमचे उपकार कसे फेडू?"

"ते माझे नाहीत," अण्णा म्हणाले. "मी तरुण असताना माझ्या गुरूंनी असंच मध्येच विचारलं होतं, गावाकडे पेरण्या झाल्या का म्हणून. मग सगळी काडतुसं उपसायला लावली. मी पाच उपसली आणि रागाने उठून गेलो. बाकीची त्यांनी एकट्याने उपसली. दुप्पट दारूचं काडतूस त्यांना सापडलं, हे मला ते गेल्यावर कळलं. आभार मानायचे राहूनच गेले. आज तू शंभरही उपसायला बसलीस. माझं मन निवलं."

दुसऱ्या दिवशी सरावाचा सामना सोडून तिने गिरणी परत केली आणि शेठजींकडून जातं आणलं. शेठजींनी हसून बदलून दिलं. त्या संध्याकाळी ती अण्णांकडे पन्नास भोकांची नवी फळी दाखवायला गेली. अण्णांनी फळीवरून हात फिरवला आणि विचारलं, "आईचा गुडघा कसा आहे?"

"काल मी न बघताच बरा आहे म्हणाले, अण्णा. घरी जाऊन पाहिलं तर चांगलाच सुजलाय. उद्या सकाळी डॉक्टरांकडे नेते."

"ने," अण्णा म्हणाले. "काडतुसं परवा भरू."