दोनशे रिकाम्या पातळ्या

मंगळवार, दुपारचे सव्वाचार. नागपुरातल्या एका महाविद्यालयाचा भौतिकशास्त्र विभाग, तिसरा मजला. कूलर चालू होता.

"प्रयोगाशी जुळतंय ना, मॅडम? मग आणखी काय बघायचं?"

प्रद्युम्न हिवरकर जरा तोऱ्यातच बोलला. सोमवारी त्याला पीएचडीचा प्रबंध जमा करायचा होता. एका स्फटिकावर प्रकाश पडला की त्यातला इलेक्ट्रॉन किती ऊर्जेला वर उडी मारतो, हे त्याने संगणकावर काढलं होतं. सॉफ्टवेअर जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेलं, फुकट, आतली ओळ न् ओळ सगळ्यांना उघडी. आणि उत्तर प्रयोगातल्या आकड्याला अगदी चिकटून आलं होतं.

त्याच्या मार्गदर्शक फडतरे मॅडमनी चष्मा पुसला. "रिकाम्या पातळ्या किती धरल्यास?"

म्हणजे इलेक्ट्रॉनला वर जायला मोकळ्या जागा किती मोजल्या. हा आकडा वाढवत न्यायचा, उत्तर हलायचं थांबेपर्यंत. नव्या पोरांना मॅडम पहिल्याच आठवड्यात हे शिकवत.

"दोनशे."

"चारशे धरून बघितलंस?"

"बघितलं..."

"मग?"

"बिघडलं."

"काय बिघडलं? उत्तर, की जुळणं?"

प्रद्युम्नने बाजूला ठेवलेले निकाल उघडून दाखवले.

चारशेला उत्तर सरकलं होतं, आठशेला आणखी सरकलं होतं, आणि तिथे मात्र ठाम बसलं होतं. प्रयोगापासून चांगलंच लांब. म्हणून ते निकाल त्याने प्रबंधात घातलेच नव्हते. दोनशे हा काही आपल्या मनचा आकडा नाही, हेही त्याने ऐकवलं. सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या नमुना फाईलमध्येच तो असतो, सगळेच तो तसाच ठेवतात. आणि प्रयोग काय खोटा?

ज्यांनी तो प्रयोग केला होता त्या गुल्हाने सरांना मॅडमनी फोन लावला, स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. आकडा कसा काढलात, एवढंच विचारलं.

"अहो, आलेखात दोन जागी चढ दिसत होता," गुल्हाने सर हसत म्हणाले. "कोणता धरायचा, कळेना. मग तुमच्या संगणकावर गणितं करणाऱ्यांचा एक जुना पेपर होता, त्याच्याशी जुळला तो धरला. संगणक थोडाच चुकतो?"

"त्या पेपरात पातळ्या किती होत्या?"

"दोनशेच असतील. नमुना फाईलच वापरता ना तुम्ही सगळे?"

फोन बंद झाला.

"म्हणजे मी प्रयोगाशी जुळवलं... आणि प्रयोग आपल्याच दोनशेशी..." प्रद्युम्न पुटपुटला. दुसरा चढ आठशेच्या उत्तरापाशी होता का? ते विचारायचं राहूनच गेलं. असता तर बरं, की नसता तर, हेही त्याला उमजेना.

"मग सोमवारी काय जमा करू, मॅडम?"

मॅडमनी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. नमुना फाईल उघडी होती. तिच्याखाली वापरणाऱ्यांनी प्रश्न लिहायची जागा, कोरी.

"ही फाईल अकरा वर्षं साऱ्या जगाला उघडी आहे," त्या म्हणाल्या. "दोनशेच का... असं इथे अजून एकानेही विचारलेलं नाही."